रायन सापडला तेव्हा

मॉन्ट्रियलमध्ये सेंट लॉरेंट नावाचा लांबच लांब रस्ता आहे. त्यावर 'श्वार्ट्झ' ही १९२८ सालची खाणावळ. मसाल्यात मुरवून धुरी दिलेलं मांस पावात भरून देतात, आणि ते खायला बाहेर फुटपाथवर रांग लागते. विसावं शतक संपत आलं होतं, त्या वर्षांत इथे थांबणाऱ्यांना एक माणूस नेहमी दिसायचा. किडकिडीत, पन्नाशी उलटलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे लवून सुटे पैसे मागायचा. कोणी चिल्लर टाकायचं, कोणी नजर चुकवून पुढे जायचं. रात्री तो ओल्ड ब्रुअरी मिशन या बेघरांच्या निवाऱ्यात झोपायला जायचा.

असा एक जण आपल्याही प्रत्येक गल्लीत असतो. एकेकाळी त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, गणपतीची आरास त्याच्याशिवाय होत नव्हती असं जुनी माणसं सांगतात. आपण मान हलवतो आणि पुढे चालू लागतो. तो काय करायचा हे आपल्याला माहीत असतं, पण तो कसा पाहायचा हे मात्र कोणी विचारलेलं नसतं.

श्वार्ट्झच्या बाहेरचा हा माणूस लोकांना चालताना पाहायचा. भीक मागू लागल्यानंतर नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून. त्याचं नाव रायन लार्किन. १९६८ साली त्याने 'वॉकिंग' नावाचा पाच मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट केला होता. नावात आहे तेवढंच त्यात आहे. माणसं चालतात. गोष्ट नाही, संवाद नाही, खलनायक नाही. कोणी ढेंगा टाकत जातो, कोणी खांदे पाडून, कोणी उगाच ऐटीत. कुठे शाईच्या दोन-चार रेघांत अख्खा माणूस उभा राहतो, तर कुठे जलरंगाचा ओघळ पसरतो आणि त्या ओघळालाच पाय फुटतात. एका सेकंदाला चोवीस चौकटी, पाच मिनिटांच्या सात हजारांवर. एकच चित्र दोन चौकटींना पुरवलं, तरी हजारो चित्रं होतात. त्या एकेका चित्रात कुठला पाय जमिनीवर आहे, वजन कमरेच्या कोणत्या बाजूला आलंय, हात किती मागे गेलाय, हे ठरवायचं असतं. ते ठरवायला आधी पाहावं लागतं, आणि रायनला पाहता येत होतं. 'वॉकिंग'ला ऑस्करचं नामांकन मिळालं. १९७० च्या एप्रिलमध्ये समारंभ झाला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पारितोषिक डिस्नेच्या पक्ष्यांवरच्या लघुपटाला गेलं. पण त्या पाच मिनिटांनी जगभरच्या अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांना चालणं नव्याने शिकवलं.

त्यानंतरच्या तीस वर्षांत हा माणूस नाहीसा झाला. तो पुन्हा कसा सापडला, आणि त्याला शोधणाऱ्याच्या हाती शेवटी काय लागलं, ती ही कथा.

कोळशाची पोरं

रायनचा जन्म ३१ जुलै १९४३ चा, मॉन्ट्रियलचाच. थोरला भाऊ रोनाल्ड त्याचा देव होता. १९५८ मध्ये बोटीच्या अपघातात रोनाल्ड त्याच्या डोळ्यांदेखत गेला. रायन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बोट चालवता येत नव्हती, म्हणून भावाला वाचवता आलं नाही. पुढे आयुष्यभर त्याने ही जखम बोलून दाखवली. 'वॉकिंग'मधल्या त्या हलक्या पावलांमागे हे ओझं होतं, असं म्हणायचा मोह मला होतो. पण ते मी म्हणणार नाही, कारण त्या चित्रांत दुःखाचा टिपूसही नाही. तिथे फक्त आनंद आहे, दुसऱ्या माणसाच्या असण्याचा आनंद.

मॉन्ट्रियलच्या कलासंग्रहालयाच्या चित्रशाळेत तो शिकला. आर्थर लिस्मर तिथे शिकवत असत, कॅनडाच्या निसर्गचित्रकारांच्या प्रसिद्ध 'ग्रुप ऑफ सेव्हन'मधले. मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो नॅशनल फिल्म बोर्डात आला. कॅनडाच्या सरकारने १९३९ साली उभी केलेली ही संस्था. तिथल्या अ‍ॅनिमेशन विभागाचे कर्तेधर्ते नॉर्मन मॅक्लॅरेन. फिल्मच्या पट्टीवर थेट शाईने चित्र काढणारा, आवाजसुद्धा पट्टीवर ओरखडून निर्माण करणारा हा स्कॉटिश माणूस त्याआधी युनेस्कोच्या कामासाठी भारतातही येऊन गेला होता. त्यांचा 'नेबर्स' १९५२ चा. दोन शेजारी एका फुलासाठी भांडतात आणि एकमेकांना मारून टाकतात. खऱ्या माणसांना चौकट-चौकट हलवून केलेला तो युद्धविरोधी लघुपट आठ मिनिटांचा आहे, आणि तो पाहून झाल्यावर लहान मूल तर सोडाच, मोठा माणूसही काही वेळ बोलत नाही. म्हणजे अ‍ॅनिमेशन हे सशा-उंदरांच्या पलीकडचं काम आहे, हे त्या इमारतीत कोणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. सरकारी पगार होता आणि तिकीटबारीचा धाक नव्हता. अशा जागी रायन वाढला.

मॅक्लॅरेनच्या हाताखाली त्याने कोळशाने काम करायची रीत उचलली. तिच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. नेहमीच्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक हालचालीला वेगळा कागद असतो. इथे कागद एकच. त्यावर कोळशाने चित्र काढायचं, कॅमेऱ्याने टिपायचं. मग बोटाने किंवा खोडरबराने थोडं पुसायचं, थोडं नव्याने काढायचं, पुन्हा टिपायचं. मागचं चित्र कायमचं गेलेलं असतं. चूक झाली तर परतीची वाट नाही. आणि कोळसा पूर्ण पुसला जात नाही, म्हणून पडद्यावर प्रत्येक हालचालीमागे आधीच्या हालचालीची काजळी रेंगाळत राहते. १९६५ चा 'सिरिन्क्स' त्याने असा केला. ग्रीक पुराणातली कथा, पॅन देवापासून पळताना बोरू होऊन गेलेल्या अप्सरेची, आणि सोबत देब्युसीची बासरी. पाठोपाठ 'सिटीस्केप', मग 'वॉकिंग', आणि १९७२ मध्ये 'स्ट्रीट म्युझिक', रस्त्यावरच्या वादकांपासून सुरू होऊन वितळत, आकार बदलत जाणाऱ्या चित्रांचा.

तो त्याचा शेवटचा पुरा झालेला लघुपट. पुढचं मी भरभर सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. अशा सगळ्या कथांत ते सारखंच असतं. कोकेन आलं. कल्पना डोक्यात इतक्या वेगाने येऊ लागल्या की त्यातली एकही कागदावर टिकेना. मग कोकेन गेलं, दारू आली. फिल्म बोर्ड सुटलं, प्रेमाची माणसं सुटली, घर सुटलं. उरला सेंट लॉरेंट रस्ता.

ओटावाची समिती

२००० साली ओटावाच्या आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन महोत्सवाचा संचालक क्रिस रॉबिन्सन याच्या कानावर आलं की 'वॉकिंग'वाला लार्किन मॉन्ट्रियलच्या फुटपाथवर भीक मागतो. रॉबिन्सनने त्याला शोधून काढलं. इथवर कोणीही केलं असतं. चार पैसे दिले असते, फोटो काढला असता, हळहळ व्यक्त केली असती. रॉबिन्सनने जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोठं काम वाटतं. त्याने रायनला महोत्सवाच्या निवड समितीवर बसायला बोलावलं. दया दाखवली नाही, काम दिलं. जगभरून आलेले शेकडो लघुपट पाहायचे आणि कोणता चांगला ते सांगायचं. त्याचं मत हवं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

त्याच समितीवर टोरांटोहून आलेला एक जण होता, ख्रिस लँड्रेथ. वय एकोणचाळीसच्या आसपास, संगणकाने अ‍ॅनिमेशन करणारा. रायन आणि तो म्हणजे दोन टोकं. एकाचा कोळसा, दुसऱ्याचं सॉफ्टवेअर. लँड्रेथचा १९९५ चा 'दि एंड' ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला होता. तो ज्या कंपनीत काम करत होता तिथे 'माया' हे नवं सॉफ्टवेअर तयार होत होतं, आणि ते काय काय करू शकतं हे ताणून पाहणं हे त्याचं काम होतं.

पण त्याच्याही आधीचा लँड्रेथ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो मुळात अभियंता. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकलेला, आणि तिथे द्रवांच्या प्रवाहावर संशोधन केलेला. पाणी किंवा हवा वाहते तेव्हा तिच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावं म्हणून प्रवाहात अतिसूक्ष्म कण सोडायचे, लेसरच्या पातळ पडद्यासारख्या प्रकाशात लागोपाठ दोनदा टिपायचे, आणि तेवढ्या निमिषात कुठला कण कुठून कुठे सरकला यावरून आतल्या वेगांचा नकाशा काढायचा. रोनाल्ड एड्रियन या शास्त्रज्ञाबरोबर या पद्धतीवरच्या शोधनिबंधांत लँड्रेथचं नाव आहे. लागोपाठची दोन चित्रं आणि त्यांतला फरक. हे अ‍ॅनिमेशनच झालं, फक्त उलट्या बाजूने. जे वाहतं पण दिसत नाही, ते दिसायला लावणं हा त्याच्या हाताचा पहिला व्यवसाय होता.

ओटावात त्याने रायनचे जुने लघुपट पाहिले, आणि शेजारी बसलेल्या रायनलाही पाहिलं. हात थरथरणारा, मिस्कील, हळवा, क्षणात तुटक होणारा हा माणूस, आणि पडद्यावरच्या त्या भरघोस, बिनधास्त चाली. या दोहोंमध्ये जे काही वाहून गेलं होतं ते लँड्रेथला दिसायला हवं होतं.

चेहऱ्याचं काय करायचं

लँड्रेथने रायनवर लघुपट करायचं ठरवलं, नाव 'रायन'. आधी त्याने मुलाखती घेतल्या. मॉन्ट्रियलला जाऊन रायनशी तासन् तास बोलला. रायनची एकेकाळची प्रेयसी फेलिसिटी फॅनजॉय आणि त्याच्या चांगल्या दिवसांतला निर्माता डेरेक लँब यांच्याशीही बोलला. हा सगळा आवाज खरा आहे. पुढे लघुपटात जे ऐकू येतं ते नटांनी वाचलेलं नाही, त्या माणसांचंच आहे: त्यांचं अडखळणं, त्यांचं हसू, मागे खुर्ची सरकल्याचा आवाज. एक माहितीपट करायला एवढं पुरेसं होतं. कॅमेरा लावायचा, बोलू द्यायचं.

मग अ‍ॅनिमेशन कशाला? हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो, म्हणून त्याचं लँड्रेथने शोधलेलं उत्तर नीट पाहायला हवं. कॅमेऱ्यासमोर रायन म्हणजे एक म्हातारा बेघर माणूस. त्याचे कपडे, त्याची त्वचा, त्याचे थरथरणारे हात बघून प्रेक्षकाचा निकाल दहा सेकंदांत लागतो. श्वार्ट्झच्या बाहेर रोज तोच निकाल लागत होता. कॅमेरा रस्त्याइतकंच दाखवतो.

लँड्रेथने चेहरा हुबेहूब ठेवला आणि मग त्यातला बराचसा काढून टाकला. संगणकावर घडवलेल्या रायनचं अर्धं डोकं नाही. कवटीचं टरफल तेवढं शाबूत आहे, आत पोकळी, आणि उरलेल्या पातळ चेहऱ्यावर चष्मा. हात काड्यांसारखे. काही तुटलंय तर काही वितळलंय. पण उरलेला चेहरा इतका खरा हलतो, ओठ इतके त्याच्या आवाजाबरोबर जातात, की पहिल्या धक्क्यानंतर आपण त्याचं ऐकू लागतो. ही हालचाल माणसाच्या अंगाला संवेदक लावून उचललेली नाही, चित्रफितीवरून गिरवलेलीही नाही. ती अ‍ॅनिमेटरांनी हाताने, चौकट-चौकट रचली, आणि त्यांत टोरांटोच्या सेनेका कॉलेजचे विद्यार्थी होते. चौदा मिनिटं म्हणजे वीस हजारांवर चौकटी. या रीतीला लँड्रेथने नाव दिलं ते मराठीत 'मनोवास्तव' असं म्हणता येईल. बाहेरचं रूप मनाच्या अवस्थेप्रमाणे मोडायचं, पण ते मोडलेलं रूप वास्तवाच्या काटेकोरपणाने घडवायचं.

एक अडचण मात्र रूपापेक्षा खोल होती. संगणक जग दाखवतो ते एका डोळ्याने. कुठलाही आभासी कॅमेरा घ्या, सगळ्या रेषा एका बिंदूपाशी येऊन मिळतात, जसे रेल्वेचे रूळ दूर जाऊन एकत्र झाल्यासारखे दिसतात. हे भूमितीचं राज्य शिस्तीचं आहे आणि म्हणूनच थंड आहे. घाबरलेल्या, दारूने विस्कटलेल्या माणसाला खोली अशी दिसत नाही. त्याला जवळचं टेबल अंगावर आल्यासारखं आणि पलीकडची भिंत मैलभर लांब गेल्यासारखी वाटते, तीही एकाच वेळी. चित्रकार हे कुंचल्याने सहज करतो, कारण त्याला भूमितीची परवानगी लागत नाही. संगणकाला ते शिकवावं लागतं.

हे शिकवायचं काम टोरांटो विद्यापीठातल्या करण सिंग यांनी अंगावर घेतलं. चेन्नईच्या आयआयटीत शिकलेले, 'माया' घडवणाऱ्यांपैकी एक. विद्यार्थी पॅट्रिक कोलमन याच्यासोबत त्यांनी असं तंत्र उभं केलं की एकाच दृश्यात अनेक कॅमेरे असतील, दृश्याचा प्रत्येक भाग त्यातल्या वेगळ्या कॅमेऱ्याचं ऐकेल, आणि एका कॅमेऱ्याच्या राज्यातून दुसऱ्याच्या राज्यात जाताना कुठे सांधा दिसणार नाही. खरी मेख सावल्यांची होती. भिंत वाकवली की तिच्यावर पडणारा उजेडही वाकडा होतो, सावली वस्तूपासून सुटते, आणि डोळा लगेच फसवणूक पकडतो. तेव्हा आकार वाकवायचा, पण उजेड आणि सावली विश्वास बसेल अशा जागी राखायची, हा हिशेब बसवावा लागला. २००४ मध्ये त्यांनी तो शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध केला. इंग्रजी शीर्षकाची आद्याक्षरं जुळवली की 'रायन' हे नाव तयार होतं. गणिताच्या एका निबंधावर फुटपाथवरच्या माणसाचं नाव आहे, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानापाशी थांबलो होतो.

टेबलाच्या दोन्ही बाजू

लघुपट सुरू होतो तो मात्र रायनपासून नाही. लँड्रेथ स्वतः एका स्वच्छतागृहातल्या आरशासमोर उभा राहतो आणि आपल्या चेहऱ्यावरचे व्रण दाखवतो. त्याच्याही तोंडाचे तुकडे गेलेले आहेत, कुठे रंगीत भेगा आहेत. प्रत्येक व्रण कधी आणि कशामुळे पडला ते तो सांगतो. मग दार उघडून निवाऱ्याच्या भोजनगृहात येतो. तिथे मोडक्या आकारांची माणसं बसली आहेत. टेबलापाशी रायन वाट पाहतोय.

तो बोलू लागतो, जुनी चित्रं आठवतात, आणि पडद्यावर 'वॉकिंग'मधली माणसं चालू लागतात. 'स्ट्रीट म्युझिक'चं संगीत येतं तेव्हा म्हाताऱ्या टरफलातून तरुण रायन बाहेर पडतो आणि आपल्याच रेघांच्या प्राण्यांबरोबर नाचतो. फेलिसिटी येते. ती त्याच्याकडे पाहते तेव्हा तो काही क्षण पुरा होतो, डोकं, केस, गाल, सगळं जागेवर. हात हातात येतात. मग तो पुन्हा आताचा होतो. इतक्या वेळा पाहूनही ते क्षण आले की मी श्वास रोखतो. जिवंत नटांना हे करता येणार नाही, कितीही मेकअप करा. एखाद्याने प्रेमाने पाहिल्यावर ऊर भरून येतो असं आपण मराठीत म्हणतो ना, ते इथे डोळ्यांसमोर घडतं.

आणि मग लँड्रेथ ती गोष्ट बोलतो. दारू सोडून पुन्हा काम सुरू कर, असं तो रायनला सुचवतो. हे म्हणताना त्याच्या डोक्याभोवती प्रकाशाचं वलय उगवतं, संतांच्या तसबिरीत असतं तसं. स्वतःच्या चित्रपटात स्वतःला असं पकडायला धैर्य लागतं. रायन आधी टाळतो, मग भडकतो. त्याच्या डोक्यातून काटे फुटतात, आवाज चढतो, टेबल, खोली, सगळं थरारतं. खऱ्या मुलाखतीतला हा खरा राग आहे. ध्वनिफितीवर आहे तसाच ठेवलेला.

लँड्रेथला खरा शोध लागला तो इथे, असं मला वाटतं. सुटे पैसे मागणाऱ्या थोर कलावंताची गोष्ट सांगायला तो आला होता. पण एका अनोळखी माणसाच्या दारूवर आपण एवढे हट्टाला का पेटलो? उत्तर लघुपटातच येतं. त्याची आई बार्बरा. तिला दारूने नेलं. जे तिला म्हणायचं राहून गेलं होतं, किंवा म्हणूनही उपयोग झाला नव्हता, ते तो या माणसाला म्हणत होता. काही वर्षं खपून ज्याचं अंतरंग त्याने चितारलं त्या रायनच्या मागे एक बाई उभी होती, आणि ती दिसेपर्यंत त्याला आपण काय शोधतोय हे ठाऊक नव्हतं. प्रवाहात सोडलेला कण म्हणजे रायन. त्याच्या सरकण्यातून जो प्रवाह दिसला तो लँड्रेथच्या घरातला होता.

म्हणून पहिल्या चौकटीतला तो आरसा. व्रण आधी स्वतःचे दाखवायचे, मग दुसऱ्याचे. तेवढा हक्क त्याने मिळवला, असं माझं मत आहे.

रायनचं मत इतकं सोपं नव्हतं. लॉरेन्स ग्रीन याने या दोघांवर 'अल्टर इगोज' नावाचा माहितीपट केला, त्यात रायन पहिल्यांदा आपल्यावरचा लघुपट पाहतो तो प्रसंग आहे. त्याला आपलं ते पोखरलेलं रूप आवडलं नाही. तो हादरला. हे पाहणं फार कठीण जातं. आपण एखाद्याला प्रेमाने, सच्चेपणाने चितारलं, तरी त्याने स्वतःला तसं कधी पाहिलेलं नसतं. 'वॉकिंग'मधल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं, तुमची चाल आम्ही अशी काढली, चालेल का? त्या वेळी कागदापलीकडे बसलेला रायन आता कागदावर होता. या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण तो प्रसंग लपवला गेला नाही, हे मला मोलाचं वाटतं.

दोन वर्षांनी, तेच व्यासपीठ

२००४ च्या मे महिन्यात 'रायन' कान महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहात दाखवला गेला आणि त्याला तिथे तीन पुरस्कार मिळाले. २७ फेब्रुवारी २००५ च्या रात्री त्याला ऑस्कर मिळालं. पस्तीस वर्षांपूर्वी 'वॉकिंग'ला हुलकावणी दिलेली ती बाहुली हातात घेऊन लँड्रेथने मंचावरून मॉन्ट्रियलमधल्या रायनचं नाव घेतलं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 'रायन'नंतर दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, कानच्या त्याच समीक्षक-सप्ताहात मुंबईचा एक लघुपट होता, 'प्रिंटेड रेनबो'. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी तो हाताने, चौकट-चौकट रंगवला होता. पंधरा मिनिटांच्या त्या कामाला जवळजवळ तीन वर्षं लागली. शहरातल्या करड्या इमारतीतली एक एकटी म्हातारी आणि तिची मांजर. म्हातारीकडे काडेपेट्यांचा संग्रह आहे. एकेका काडेपेटीवरचं चित्र उघडतं आणि ती त्या रंगीत जगात जाऊन येते. त्यालाही तिथे तीन पुरस्कार मिळाले. एकाचं अर्धं डोकं हरवलेलं, दुसरीचं घर रंग हरवलेलं. तंत्र पूर्ण वेगळं, पण आत काय चाललंय ते दाखवण्यासाठी दोघांनीही बाहेरचं जग बदलून टाकलं. कांदिवली-बोरिवलीच्या कुठल्याही सोसायटीत ती म्हातारी तिसऱ्या मजल्यावर राहत असेल. तिच्यावर चित्रपट काढायचा तर तिला दाराशी बसलेली दाखवता येईल. तिच्या काडेपेटीत मात्र कॅमेऱ्याला शिरता येत नाही. मराठीत कथेला हे जमलं, कवितेला जमलं, नाटकालाही जमलं. अ‍ॅनिमेशनला आपण अजून मुलांच्या सुट्टीतच बसवून ठेवलंय, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाच सेकंद

ऑस्करनंतर रायनचं काय झालं? चमत्कार झाला नाही, पण काहीच झालं नाही असंही नाही. मॉन्ट्रियलची संगीतकार लॉरी गॉर्डन त्याच्या पाठीशी उभी राहिली. रायनने काम करण्यासाठी दारू सोडली. जे लँड्रेथच्या टेबलापाशी ऐकून काटे फुटले होते, ते त्याने आपल्या वेळेला, आपल्या कारणासाठी केलं. तीन दशकांनी तो पुन्हा चित्रं काढू लागला. विषय होता भीक मागण्याचा, नाव 'स्पेअर चेंज', सुटे पैसे. फुटपाथ खालून कसा दिसतो ते आता तो स्वतः सांगणार होता. मधल्या काळात एका दूरचित्रवाणी वाहिनीसाठी त्याने पाच-पाच सेकंदांचे तीन छोटे तुकडे पुरे केले. पाच सेकंद म्हणजे एकशे वीस चौकटी. ज्याच्या हातून इतकी वर्षं एकही चौकट पुरी झाली नव्हती, त्याच्या दृष्टीने ते किती असतील, याचा अंदाज मला करता येत नाही.

१४ फेब्रुवारी २००७ ला क्वेबेकमधल्या सेंट हायसिंथ गावी तो गेला. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरला होता. 'स्पेअर चेंज' अर्धा होता. त्याच्या चित्रांवरून आणि आराखड्यांवरून गॉर्डन आणि सोबत्यांनी तो पुरा केला आणि २००८ मध्ये मॉन्ट्रियलच्याच महोत्सवात दाखवला.

'वॉकिंग' आणि 'रायन' दोन्ही फिल्म बोर्डाने इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. मी पहिल्यांदा 'रायन' पाहिला तेव्हा ते अर्धं डोकं सहन न होऊन मध्येच थांबवला होता. आठवडाभराने पुन्हा लावला. कोणी विचारलं तर मी आता क्रम सांगतो. आधी 'रायन' पाहा. शेवटी तो फुटपाथवर उभा राहून पैसे मागतो, लोक शेजारून जातात, आणि रस्त्याच्या पलीकडे लँड्रेथ उभा राहून पाहत असतो. तो संपला की थोडं थांबा, आणि मग 'वॉकिंग' लावा. आता चालणारी ती माणसं तुम्हाला त्याच्या बाजूने दिसतील.